मुंबई-लंडन प्रवास : अंतर, काळ आणि वाटेवरील सत्ता (इ. स. १८३० ते २०२५)

१. प्रास्ताविक

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न भूगोलाचा मानला जातो. ते कापण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा. दळणवळणाच्या इतिहासाची मांडणीही बहुधा याच गृहीतावर उभी असते. शिडाचे जहाज, आगबोट, रेल्वे, विमान असा क्रम लावला जातो आणि वेग वाढत गेला, जग जवळ येत गेले, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. वेग वाढण्यासाठी यंत्र लागते, तशी यंत्राला वाट लागते. ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यावर थांबण्याची मुभा कोणाला आहे आणि ती कोण केव्हा बंद करू शकतो, यांवर प्रवासाचा काळ ठरतो.

प्रस्तुत लेखात मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील प्रवासाच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे. हा मार्ग निवडण्याचे कारण उघड आहे. सुमारे दोनशे वर्षे या मार्गावरून राज्यकर्ते, टपाल, कापूस, विद्यार्थी, वकील, खलाशी आणि राजकीय कैदी ये-जा करत राहिले. प्रवासकाळ महिन्यांवरून आठवड्यांवर, आठवड्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून तासांवर कसा आला, याचा पुरावा या मार्गावर सलगपणे मिळतो. त्याचबरोबर हा काळ मध्येच पुन्हा वाढल्याची उदाहरणेही याच मार्गावर आढळतात. लेखाचा रोख या दुसऱ्या बाजूवर अधिक आहे.

२. सरळ अंतर आणि प्रत्यक्ष वाट

पृथ्वीच्या गोल पृष्ठावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. या रेषेने मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० कि. मी. भरते. सपाट नकाशावर ही रेषा अरबी समुद्र, अरबस्तान आणि भूमध्य समुद्र यांवरून जात असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती बरीच उत्तरेकडून जाते. मुंबईहून निघालेली ही रेषा सौराष्ट्र ओलांडून जवळजवळ कराची शहरावरून जाते; पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, कॉकेशस पर्वत, काळ्या समुद्राची ईशान्य बाजू, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग आणि जर्मनी असा प्रवास करून ती लंडनला पोहोचते.

या भूप्रदेशांची नावे वाचली तरी एक गोष्ट लक्षात येते. हा मार्ग सर्वांत जवळचा असला, तरी तो सतत खुला असल्याचा काळ इतिहासात फारसा सापडत नाही. जहाजाला तो उपलब्ध नव्हताच. विमानाला तो तत्त्वतः उपलब्ध झाला तेव्हा त्याचा मोठा भाग शीतयुद्धाच्या सीमारेषेपलीकडे होता, आणि मुंबईजवळचा भाग १९४७ नंतर दुसऱ्या राष्ट्राचा झाला होता. म्हणजेच ७,२०० कि. मी. हा आकडा भूगोलाचा आहे. प्रवाशाच्या वाट्याला आलेले अंतर नेहमीच त्याहून अधिक होते. ते किती अधिक असावे, हे त्या त्या काळच्या राजकारणाने ठरवले.

३. केपच्या वाटेवरून सुएझच्या वाटेवर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून लंडनला जाणारे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जात असे. हे अंतर सुमारे १९,८०० कि. मी. होते. वारे अनुकूल असतील तर चार महिने आणि नसतील तर सहा महिने, असा या प्रवासाचा साधारण हिशेब असे. पत्र पाठवून त्याचे उत्तर मिळण्यास वर्षाचा अवधी सहज लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचे स्वरूप या विलंबाने घडवले. लंडनहून येणारा हुकूम पोहोचेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर युद्ध पुकारून तहही करून बसलेला असे. कंपनीच्या संचालकांना अनेकदा झालेल्या गोष्टीला संमती देण्याखेरीज दुसरे काही उरत नसे.

हे अंतर एतद्देशीयांसाठी अधिक जड होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. या काळात १८४७ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. ज्यांच्यासाठी दाद मागायची ते उरले नाहीत आणि ज्यासाठी मागायची ते राज्यही उरले नाही, तरी दाद मागणे चालू राहिले. न्यायदानाचे अंतिम केंद्र हजारो मैलांवर असणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून समजते. विलंब हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने गैरसोय असेल. शासितांच्या दृष्टीने तो बहुधा निकालच असे.

तांबड्या समुद्रातून वाफेच्या बळावर जाण्याचा प्रयोग मुंबईतूनच झाला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी निघाली आणि २२ एप्रिल रोजी सुएझला पोहोचली. या सुमारे तेहतीस दिवसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश काळ वाटेतील बंदरांत कोळसा भरण्यात गेला. वेगाचा प्रश्न यंत्रापेक्षा थांब्याचा आहे, हे या पहिल्याच सफरीने दाखवून दिले. याचे राजकीय उत्तर लवकरच मिळाले. जानेवारी १८३९ मध्ये कंपनीच्या सैन्याने एडन जिंकले. कोळशाचा साठा ठेवण्यासाठी हक्काचे बंदर हवे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याशी जोडलेला होता. नकाशावर मुंबईपासून अडीच-तीन हजार कि. मी. दूर असलेले हे बंदर प्रशासनाच्या दृष्टीने मुंबईचाच एक भाग होते. मुंबई-लंडन मार्ग आखड झाला तो अशा रीतीने वाटेवरचा प्रदेश ताब्यात घेऊन.

सुएझपासून अलेक्झांड्रियापर्यंतचा टप्पा आरंभी उंट, घोडागाड्या आणि नाईल नदीतील होड्या यांच्या साहाय्याने ओलांडला जाई. थॉमस वॅगहॉर्न याने या 'खुष्कीच्या मार्गा'ची व्यवस्था लावण्यासाठी आपले आयुष्य खर्ची घातले. अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे १८५६ मध्ये आणि कैरो ते सुएझ रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. अखेर १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ११,६०० कि. मी. वर आले. म्हणजे आठ हजारांहून अधिक कि. मी. चा वळसा वाचला.

पुढच्याच वर्षी दोन घटना घडल्या. मार्च १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता ही शहरे रेल्वेमार्गाने जोडली गेली, आणि त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. पहिल्या घटनेमुळे मुंबई ही साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचे प्रवेशद्वार बनली. दुसरीमुळे बातमी आणि माणूस यांची फारकत झाली. कापसाचा भाव काही तासांत मुंबईत कळू लागला; माणसाला मात्र अजून तीन-चार आठवडे लागत होते. हुकूम वेगाने येऊ लागला आणि दाद मागणारा मात्र पूर्वीसारखाच संथपणे जात राहिला, असेही या बदलाचे वर्णन करता येईल.

४. चौदा दिवसांचा प्रवास आणि त्यामागील श्रम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटी हे मुंबई-लंडन प्रवासाचे प्रमुख साधन होते. घाईचे प्रवासी आणि टपाल ब्रिंडिसी किंवा मार्सेल्स येथे उतरून रेल्वेने लंडन गाठत. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत हा काळ दोन आठवड्यांवर स्थिरावला होता. गोलमेज परिषदांच्या निमित्ताने झालेल्या प्रवासांवरून याची खात्री पटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबर रोजी लंडनला पोहोचले. महात्मा गांधी दुसऱ्या परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी 'राजपुताना' या बोटीने निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेल्सला उतरले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते.

हा वेग केवळ इंजिनाचा नव्हता. या बोटींवरील कामगारांची विभागणी प्रदेशवार झालेली होती. डेकवरील खलाशी आणि त्यांचे सारंग मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी व कोकण किनाऱ्यावरचे आणि गुजरातचे असत. भट्टीत कोळसा टाकणारे बहुधा पंजाब व सरहद्द प्रांतातील. तर भोजनगृहातील नोकरवर्ग गोव्याचा. त्यांची भरती 'लस्कर' या स्वतंत्र वर्गात होत असे आणि त्यांना युरोपीय खलाशांपेक्षा कमी वेतन व कमी जागा मिळत असे. विलायतेस जाणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास बॅरिस्टर, डॉक्टर आणि राजकीय पुढारी यांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. परंतु संख्येचा विचार केला तर मुंबई-लंडन अंतर सर्वाधिक वेळा कापणारा मराठी माणूस बॅरिस्टर नव्हता, तो कोकणातील खलाशी होता. त्याची प्रवासवर्णने उपलब्ध नसल्यामुळे तो इतिहासाबाहेर राहिला आहे.

५. वाट आणि अधिकार : तीन प्रसंग

प्रवासाचा काळ दोन-तीन आठवड्यांवर आला, तरी वाटेवरील अधिकाराचा प्रश्न संपला नव्हता. पुढील तीन प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरून मुंबईहून येणाऱ्या बोटींची तपासणी व विलगीकरण यांचे नियम ठरवण्यात आले. सुएझ कालव्यामुळे युरोपला जवळ आलेली मुंबई आता त्याच कारणाने धोकादायक ठरली. ज्या वाटेने कापूस आणि टपाल जलद जात होते, त्याच वाटेवर मुंबईचा प्रवासी अडवला जाऊ लागला.

दुसरा प्रसंग १९१० चा. लंडनमध्ये अटक झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना 'मोरिया' या बोटीने मुंबईकडे पाठवण्यात आले. बोट मार्सेल्सला थांबली असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी समुद्रात उडी घेऊन फ्रेंच किनारा गाठला; तेथील पोलिसाने त्यांना पुन्हा बोटीवरील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. मार्सेल्स हा टपालबोटींचा नेहमीचा थांबा होता. परंतु त्या किनाऱ्यावर ब्रिटिश कायद्याची सत्ता नव्हती. त्यामुळे हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निर्णय दिला, की सावरकरांना स्वाधीन करण्यात अनियमितता झाली असली तरी त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. मुंबई-लंडन प्रवास हा एका साम्राज्याच्या दोन शहरांमधील अंतर्गत प्रवास नसून परक्या सार्वभौमत्वातून जाणारा प्रवास आहे, ही गोष्ट या प्रसंगाने जगापुढे आली.

तिसरा प्रसंग लोकमान्य टिळकांचा. १९१८ च्या वसंत ऋतूत होमरूल लीगचे शिष्टमंडळ विलायतेस जाण्यासाठी निघाले असता कोलंबो येथे त्यांची परवानगी रद्द करण्यात आली आणि टिळकांसह सर्वांना परतावे लागले. त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी टिळकांना जाऊ देण्यात आले. सप्टेंबरच्या अखेरीस मुंबई सोडल्यावर ते ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. महायुद्ध अद्याप चालू होते आणि जो प्रवास एरवी दोन-तीन आठवड्यांचा होता त्याला पाचएक आठवडे लागले. एकाच वर्षातील या दोन प्रयत्नांत बोट, समुद्र आणि अंतर यांत काहीही फरक नव्हता. फरक होता तो परवानगीत.

६. कराचीपर्यंतचे विमान

लंडन-हिंदुस्थान विमानसेवेचा आरंभ ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने केला. परंतु ही सेवा मुंबईची नव्हती. ती कराचीपर्यंत होती. तिचे स्वरूप आज विचित्र वाटेल असे होते. लंडनजवळील क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, बाझलहून जिनोआपर्यंत रेल्वे, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि तेथून बगदाद व इराणच्या किनाऱ्यावरून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान. या सर्वांस मिळून सात दिवस लागत. मध्येच रेल्वे येण्याचे कारण यांत्रिक नव्हते. युरोपातील देशांच्या हवाई परवानग्या जुळत नव्हत्या. इराणच्या किनाऱ्याची परवानगीही मुदतीची होती. ती पुढे चालू राहिली नाही, तेव्हा १९३२ मध्ये मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवण्यात आला आणि शारजा येथे विमानतळ व विश्रामगृह उभारले गेले.

हवेला भिंती नसतात, परंतु तिला मालक असतात, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस कराराने मान्य केले होते. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते, असे त्या कराराने म्हटले. पुढे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात हे तत्त्व पुन्हा नोंदवले गेले. समुद्राच्या बाबतीत 'मुक्त सागर' ही कल्पना निदान तत्त्व म्हणून होती. आकाशाच्या बाबतीत तीही नव्हती. म्हणजे बोटीपेक्षा विमान वेगवान होते, पण परवानगीवर अधिक अवलंबून होते.

कराचीस आलेले विलायती टपाल मुंबईस आणण्याचे काम टाटांच्या विमानसेवेने सुरू केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेकडे भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. मुंबई-लंडन बृहद्वृत्ताचा पहिला टप्पा मुंबई-कराची हाच आहे. टाटांचे विमान अहमदाबादला वळले असले, तरी त्या उड्डाणाने हा टप्पा जोडला गेला आणि मुंबई लंडनच्या हवाई टपालमार्गाशी जोडली गेली. परंतु सागरी युगात प्रवेशद्वार असलेली मुंबई हवाई युगाच्या आरंभी कराचीची एक शाखा होती, हेही तितकेच खरे.

७. 'मलबार प्रिन्सेस' आणि जेट विमाने

१९४७ च्या फाळणीने ही रचना बदलली. कराची दुसऱ्या देशात गेली आणि मुंबईस स्वतःचा हवाई मार्ग आखणे भाग पडले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनेव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. त्यात ३५ प्रवासी होते. तिकीट १,७२० रुपयांचे होते आणि सेवा आठवड्यातून एकदा होती. चौदा दिवसांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. स्वतंत्र देशाची विमानकंपनी पूर्वीच्या राजधानीत उतरते, यालाही त्या वेळी मोठा अर्थ होता.

मधले थांबे हा या मार्गाचा दुबळा भाग होता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' विमान जिनेव्हाकडे जात असता आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मरण पावले. प्रवाशांत प्रामुख्याने ब्रिटनमधील बोटीवर रुजू होण्यास निघालेले भारतीय खलाशी होते. सागरी युगातील खलाशी हवाई युगातही याच मार्गावर होता आणि येथेही त्याची नोंद अपघातामुळेच झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे जिनेव्हाकडे जात असता त्याच पर्वतावर कोसळले. मृत ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते.

जेट विमाने या मार्गावर १९५२ मध्ये आली. ब्रिटिश कंपनीची कॉमेट विमाने लंडनहून कोलंबोस जाताना मुंबईस थांबत. परंतु अपघातांमुळे १९५४ मध्ये ती सेवेतून काढण्यात आली. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ विमाने घेतली. इंधन अधिक मावू लागल्याने थांबे कमी झाले आणि पुढे विनाथांबा उड्डाण नेहमीचे झाले. हे उड्डाण आता साधारणपणे नऊ ते दहा तासांचे असते. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे लंडनहून मुंबईस येताना ते त्याहून काहीसे कमी आणि जाताना अधिक भरते.

८. वेग थांबला, वाट बदलत राहिली

येथे एक महत्त्वाची बाब नोंदवणे आवश्यक आहे. प्रवासी विमानाचा वेग १९६० नंतर जवळजवळ वाढलेला नाही. बोइंग ७०७ ताशी सुमारे ९०० कि. मी. वेगाने जात असे. आजची विमानेही साधारण त्याच वेगाने जातात. ध्वनीहून वेगवान असे कॉन्कॉर्ड विमान १९७६ मध्ये सेवेत आले, परंतु भारताने आपल्या भूमीवरून त्या वेगाने उडण्यास परवानगी दिली नाही. लंडन-सिंगापूर मार्गावरील त्याची सेवा १९८० मध्ये बंद झाली. म्हणजे १९६० नंतर उड्डाणकाळात जी घट झाली ती थांबे गाळल्यामुळे, आणि जी वाढ वेळोवेळी झाली ती वाट वळवावी लागल्यामुळे. यंत्राचा वेग स्थिर झाल्यावर प्रवासकाळाचा इतिहास हा मुख्यतः वाटेचा इतिहास उरतो.

हा इतिहास तुटक आहे. जानेवारी १९७१ च्या अखेरीस भारतीय विमानाचे अपहरण झाले आणि फेब्रुवारीच्या आरंभी ते लाहोरला जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. दोन्ही देशांमधील हवाई वाहतूक १९७६ मध्ये पूर्ववत झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ व २००३ या दोन वर्षांत पुन्हा हीच स्थिती होती. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपल्या आकाशाचा मोठा भाग बंद ठेवला. या काळात एअर इंडियाचे २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती संसदेत देण्यात आली. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिल रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले, आणि त्याची मुदत पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. अशा वेळी मुंबईहून निघणारी विमाने कराचीकडे न वळता अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जातात. दिल्लीच्या तुलनेत मुंबईस याची झळ कमी बसते, कारण तिच्यासमोर समुद्र मोकळा आहे.

या मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडेही हेच घडले. शीतयुद्धात पाश्चात्त्य विमानांना सोव्हिएत आकाशातून सहज जाता येत नव्हते. १९९१ नंतर ही वाट बरीच मोकळी झाली, आणि बृहद्वृत्ताच्या जवळून जाण्याची संधी प्रथमच मिळाली. परंतु १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी वाहतुकीस बंद झाले. दुसऱ्याच दिवशी रशियाने ब्रिटिश विमानांना आपले आकाश बंद केले. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्यातील संघर्षाने मधला टप्पाही काही काळ बंद पडला. बृहद्वृत्ताच्या रेषेवरील कराची, इराण आणि युक्रेन हे तिन्ही टप्पे एकाच वर्षात कोणा ना कोणा विमानासाठी बंद होते.

समुद्रावरही इतिहासाची पुनरावृत्ती झाली. सुएझ कालवा १९५६-५७ मध्ये काही महिने आणि जून १९६७ ते जून १९७५ अशी आठ वर्षे बंद होता. या काळात मुंबईची जहाजे पुन्हा केपच्या वाटेने जात होती. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे तीच वाट धरून नेली. एकोणिसाव्या शतकात मागे टाकलेला मार्ग एकविसाव्या शतकात पुन्हा वापरात आला.

याखेरीज प्रवाशाच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यापर्यंत भारतीय नागरिकास ब्रिटनमध्ये वास्तव्यासाठी प्रवेशाचा हक्क होता. म्हणजे ज्या सुमारास जेट विमानाने लंडन काही तासांवर आणले, त्याच सुमारास तेथे राहण्याची वाट कायद्याने अरुंद केली. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबवली. ती पूर्णपणे सुरू होण्यास २७ मार्च २०२२ उजाडले. १८९७ च्या प्लेग नियमांशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, मुंबई-लंडन प्रवासकाळातील मोठी घट प्रत्येक वेळी नव्या यंत्राबरोबरच वाटेवरील नव्या सत्तेमुळे शक्य झाली. आगबोटीला एडन लागले, टपालबोटीला सुएझ लागला, विमानाला कराची, शारजा व कैरो लागले. दोन, काळ कमी झाल्याचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. हुकूम, टपाल आणि भांडवल यांना तो आधी मिळाला. दाद मागणारा, खलाशी आणि स्थलांतरित यांना तो उशिरा किंवा अंशतः मिळाला. तीन, १९६० नंतर वेग स्थिर झाल्यामुळे उड्डाणाचा काळ हा आता मुख्यतः आंतरराष्ट्रीय संबंधांचा निदर्शक झाला आहे.

दळणवळणाच्या इतिहासाचे अध्यापन करताना 'जग जवळ आले' हे वाक्य त्यामुळे जपून वापरले पाहिजे. जवळ येणे ही एकदा घडून संपलेली घटना नाही. ती पुनःपुन्हा द्यावी लागणारी आणि कधीही काढून घेतली जाऊ शकणारी सवलत आहे. एखाद्या उड्डाणास तासभर अधिक लागतो, तेव्हा त्या तासामागे कोणते युद्ध, कोणता करार किंवा कोणता नकार आहे, हे विद्यार्थ्यांना नकाशा उघडून दाखवता येते. मुंबई आणि लंडन यांच्यातील ७,२०० कि. मी. अंतर दोनशे वर्षांपूर्वी होते तेवढेच आज आहे. त्यातले किती कापू द्यायचे, हे मात्र वाटेवरची सत्ताच ठरवत आली आहे.